अंतऱ्याआधी पाणी

९ फेब्रुवारी २०२५, जालना

बियाण्याच्या कंपनीने नवीन वर्षाला वाटलेली ही डायरी दीड महिना टीव्हीखाली धूळ खात पडली होती. आज उघडली. आपल्याबद्दल काही लिहून ठेवावं असं घडायला माझं सत्तरावं वर्ष उजाडावं लागलं.

टेलिग्रामवर 'रागछाया' नावाचा ग्रुप आहे. तेवीसशे माणसं. पुण्याची, इंदूरची, धारवाडची, काही पार अमेरिकेतली, आणि सगळी शास्त्रीय संगीताची वेडी. नात आकांक्षाने मला त्यात घातलं आणि जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायलाही तिनेच शिकवलं. तेव्हापासून दर रविवारी मी उस्ताद महेमूद खाँसाहेबांचं एक गाणं तिथे टाकतो. आज अकरावं, म्हणजे शेवटचं, टाकलं, सामंत सारंग, 'छाँव न देत ये नीम निगोडा'. तासाभरात तीनशे लाल बदाम पडले. लोक मला गुरुजी म्हणतात. अंकुशनगरला साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात एकतीस वर्षं हजेऱ्या मांडल्या, तिथे मला 'ओ टाइमकीपर' याच्यापुढे कोणी गेलं नाही. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

ही गाणी माझ्याच क्वार्टरमधली आहेत. गळीत संपलं की उन्हाळ्याच्या रविवारी खाँसाहेब जाफराबादहून एसटीने यायचे, जेवायचे, भर दुपारी दोन राग गायचे आणि चारच्या गाडीने परत. तबल्याला राधेश्याम, मागे तंबोऱ्यावर मी. ऐकायला पाच-सहा माणसं. ध्वनिमुद्रणाला सक्त मनाई. बंदिशीची अस्ताई ते कुणालाही ऐकवत, पण तिचा दुसरा भाग, अंतरा, रेडिओवरसुद्धा कधी गायले नाहीत. म्हणायचे, "चीज म्हणजे घरची लेक. ती नांदायला द्यायची असते, बाजारात बसवायची नसते." मी मात्र टेपरेकॉर्डर कापडी पिशवीत घालून तंबोऱ्याच्या भोपळ्यामागे ठेवायचो. त्यांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. मी तेवढं धाडस केलं नसतं तर आज जगाला काय मिळालं असतं?

नशीबही असं की एकही कॅसेट अर्ध्यात तुटलेली नाही. एक बाजू तीस मिनिटांची, आणि त्यांचं गाणं दरवेळी अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या मिनिटाला बरोबर समेवर येऊन थांबतं.

अजून एक गंमत. प्रत्येक गाण्यात अंतऱ्याआधी ते थांबतात आणि म्हणतात, "भुजंग, जरा पानी देना." पेला टेकल्याचा आवाज येतो आणि मग अंतरा. न्यू जर्सीच्या एका गृहस्थांनी लिहिलं की या एका वाक्यात गुरुशिष्याचं अख्खं नातं ऐकू येतं. अकराही गाण्यांत माझं नाव आहे.

१६ फेब्रुवारी

पुण्याहून मोनालीचा फोन. ही मुलगी गाते आणि पीएच.डी.ही करते. अकराव्या गाण्याचा अंतरा वरच्या षड्जाला न जाता पंचमाशीच घुटमळत राहतो, असं तिने कुठेच ऐकलेलं नाही. त्याला तिने 'उलटा अंतरा' असं नाव ठेवलंय आणि प्रबंधात त्याच्यावर वेगळं प्रकरण टाकलंय. २७ एप्रिलला पुण्यात तिची सकाळची मैफल आहे. त्यात ती हीच बंदिश गाणार आणि मला स्टेजवर बोलावून शाल देणार, 'खाँसाहेबांचे ज्येष्ठ शिष्य' म्हणून.

मीनाला सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गंडा कवा बांधला व्हता तुम्हाला त्यांनी?"

चौदा वर्षं मी त्या माणसाच्या मागे बसलो. शागिर्दीचा धागा मनगटावर बांधायचा म्हणजे गुळचणे, मिठाई, चार मोठी माणसं, सगळा थाट लागतो. एका वर्षी ते आजारी, दुसऱ्या वर्षी माझी पाळी बदललेली. गंडा बांधायचा तेवढा राहून गेला. बाकी मी शिष्य नाही तर कोण?

२० फेब्रुवारी

ग्रुपवर बीडचा कोणी धम्मपाल विचारतो, खाँसाहेबांच्या घरच्यांची परवानगी घेतली होती का? मास्तर असणार. मी उत्तर दिलं, शिष्य हाच वारस. चाळीस बदाम.

२ मार्च

डोकं ठणकतंय, तरी लिहितो.

मोनालीने परस्पर राधेश्यामला फोन केला. ग्रुपवर टाकलेल्या कॅसेटच्या कव्हरवर तबलजी म्हणून त्याचं नाव मीच लिहिलेलं. राधेश्याम काय बोलला ते ती नीट सांगेना. "गुरुजी, याच बंदिशीचा आणखी एक अंतरा आहे का हो?" एवढंच विचारत राहिली. म्हणून सकाळी त्याच्याकडे गेलो. बियाण्याच्या दुकानात आता त्याचा मुलगा बसतो, हा मागे खाटेवर असतो.

मी विचारलं, "काय सांगितलं त्या पोरीला?"

"खरं ते सांगितलं," राधेश्याम म्हणाला. "भुजंग, तुला खरंच ठाऊक न्हाई? उस्ताद पाणी मागायचे ना, तो मला इशारा व्हता. म्हणजे मशीन चालू हाय, आता घरचा अंतरा येणार न्हाई. जे सुचंल ते गाणार, तू ठेका बराबर सांभाळ."

"त्यांना मशीन ठाऊकच नव्हतं."

"पहिल्याच दिवशी तुझ्या पिशवीतून खट्ट आवाज आल्ता. मी घाबरलो, म्हटलं आता हे उठून जातेत. त्यांनी मला डोळ्यानं चूप केलं. चारच्या गाडीला सोडाया गेल्तो तवा म्हणले, घेऊ दे त्याला. त्याला पाहिजे ते देऊ, आपलं आपल्यापाशी."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुला कुठं गायचं व्हतं? कपाटात ठेवून राह्यला व्हतास. आता तू दुनियेला वाटशील हे मला काय म्हाईत?"

मी उठून आलो. त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, कानात यंत्र, आणि आयुष्यभर विकलं सरकीचं बियाणं. अशा माणसाच्या आठवणीवर कोण विश्वास ठेवणार? मे महिन्यात अंकुशनगरला पत्र्याखाली बसून गाणाऱ्या माणसाच्या घशाला कोरड पडणार नाही तर काय होणार!

३ मार्च

अकराही गाणी पुन्हा ऐकली. अकरा वेळा "भुजंग, जरा पानी देना".

मीना कणीक मळता मळता ऐकत होती. म्हणाली, "मागायचे पण प्यायचे न्हाईत हो ते. मागून पेला मीच उचलायची, भरलेलाच राह्यचा. रोपाला घालायची मी ते पाणी."

मी तिच्यावर ओरडलो. पस्तीस वर्षांपूर्वीचा पेला भरलेला होता की रिकामा हे हिला आठवतंय, आणि माझी गोळी संपलीय ते आठवत नाही. ती पोळ्या लाटायला लागली.

खरं सांगायचं तर मला दुखतंय. या डायरीत तरी लिहितो. त्या माणसाचा तंबोरा मी स्टँडवरून खांद्यावर आणायचो. त्यांच्या पानात काय लागतं ते मला त्यांच्या बायकोपेक्षा जास्त ठाऊक होतं. आणि ते माझं नाव घेऊन तबलजीला इशारा करत असतील, तर मग मी कोण होतो?

९ मार्च

जाफराबादला जाऊन आलो. खाँसाहेबांची एकुलती एक मुलगी महजबीन तिथेच असते. नवरा जीप चालवायचा, तो वारला. हिची पिठाची गिरणी आहे. तिला मी शेवटचं पाहिलं तेव्हा ती सतरा-अठराची, दाराआडून चहा पुढे करायची. आता चोपन्नची असेल, भुवयांवर पीठ. खाँसाहेबांनी तिला गाणं शिकवलं असण्याचा प्रश्नच नाही, मुलींना कुठे शिकवतात? पण घरात राहून अंतरा कानावर पडला असेल, असा माझा हिशोब.

गिरणी चालू होती. ती पट्ट्याजवळ उभी राहून दळण टाकत होती, पाठ माझ्याकडे. तिचे ओठ हलताना बाजूने दिसत होते. तेवढ्यात लाइट गेली. गिरणीची घरघर खाली बसत गेली आणि त्यातून एकदम तिचा आवाज उघडा पडला, वरच्या षड्जावर, सरळ, बिलकुल न हलणारा. मला पाहिलं आणि तिने तोंड मिटलं.

"काय गात होतीस?"

"कुछ न्हाई चाचा. गिरणीच्या आवाजात बडबड करायची सवय हाय." तिने स्टूल पुसून दिलं. "बसा. रोजा हाय, तुमच्यासंगं चाय घेऊ शकत न्हाई, पण तुमच्यापुरती करते."

मी नको म्हटलं. ती जात्याच्या कडेला बसली.

"अब्बाचं गाणं मोबाइलवर आलंय म्हणे. तुम्हीच टाकलं?"

"सेवा म्हणून," मी म्हटलं.

"ऐकलं मी. हसू आलं."

"का?"

"असंच." भुवयांवरचं पीठ पुसत म्हणाली, "अब्बा गेले तवा तुम्ही आल्ते न्हाई."

मी म्हटलं, जानेवारी होता, गळीत हंगाम जोरात, सुट्टी मिळाली नाही. तिने मान हलवली. बाप गेल्यावर अठ्ठावीस वर्षांनी आलेल्या माणसाबरोबर चहाही घेता येत नाही याचं तिला वाईट वाटत होतं असं मला वाटलं, बाकी राग काही दिसला नाही. मग मी सरळ अंतऱ्याचं विचारलं. नीम निगोडाचा घरचा अंतरा.

"ईदनंतर या," ती म्हणाली. "पण फोन न्हाई चालणार. कानात घेऊन जा. चाललं?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं.

१५ मार्च

ग्रुपवर कुजबुज सुरू झाली आहे. राधेश्यामचं बोलणं मोनालीकडून फुटलं असणार. 'उलटा अंतरा अस्सल आहे का' यावर दोन दिवस चर्चा. जे परवापर्यंत गुरुजी गुरुजी करत होते ते आता 'सदर संग्राहक' म्हणून लिहितात. न्यू जर्सीवालेही गप्प.

शेवटी मी लिहून टाकलं: खाँसाहेबांनी मला याचा घरंदाज अंतराही दिला आहे, योग्य वेळ येईपर्यंत तो राखून ठेवण्याची आज्ञा होती, ती वेळ आता आली आहे. पाचशे बदाम. मोनालीने रडण्याची तीन चित्रं पाठवली, आनंदाने रडण्याची.

आता तो आणल्याशिवाय सुटका नाही.

३१ मार्च

ईद. महजबीनला फोन करून मुबारक दिली. ती म्हणाली, "आज आठवण आली चाचा?" मी हसलो. १६ तारीख ठरली.

१६ एप्रिल

बेचाळीस अंश. सकाळच्या एसटीने गेलो. पिशवीत पेढे, बीपीच्या गोळ्या आणि टॉवेलात गुंडाळून आकांक्षाचा जुना फोन. तो मी स्टँडवरच रेकॉर्डिंगला लावून ठेवला होता. मी काय चोरी करतोय? कानात घेऊन जा म्हणे. सत्तराव्या वर्षी कानात काय राहतं? गुरूची विद्या मरू द्यायची नाही हे शिष्याचं काम आहे, आणि महजबीन ती मरू देणार हे स्पष्ट दिसतंय. गिरणीत गाऊन गिरणीतच संपणार.

तिने आज गिरणी बंद ठेवली होती. मागच्या खोलीत चटई, भिंतीला टेकवलेला तोच तंबोरा. गवसणी नवी होती. मी माझा फोन तिच्या समोर काढून दिला, तो तिने बाहेर दळणाच्या डब्यावर ठेवला. परत आली आणि माझ्या मांडीजवळच्या पिशवीकडे पाहिलं.

"पिशवी पण ठेवू का तिकडं, चाचा? जड असंल."

"राहू दे. गोळ्या आहेत त्यात, कधीही लागतात."

"राहू द्या मंग," ती म्हणाली आणि हसली. हसली की अगदी खाँसाहेब.

तंबोरा तिने मला दिला. पुन्हा त्याच जागी बसलो, गाणाऱ्याच्या मागे. तिने अस्ताई उचलली आणि माझ्या अंगावर काटा आला. मुलींना शिकवत नाहीत म्हणून जे वर लिहिलं ते चूक आहे, ते मागे घेतो. आवाजाला वय लागलंय, पण जागा एकूण एक त्यांच्या. निंबाला दोष देत देत ती जी कोमल निषादावर टेकली, तिथे माझे डोळे भरून आले आणि तंबोऱ्याची तार चुकली. मला वाटलं, हात जोडावेत, टॉवेलातला फोन काढून बंद करावा. खरंच वाटलं. पण मग २७ तारीख आठवली.

अस्ताई भरून झाली. ती थांबली.

"भुजंगचाचा, जरा पानी देना."

मी उठून माठातून पेला भरून आणला. तिने तो शेजारी ठेवला आणि अंतरा सुरू केला. हा पंचमाशी घुटमळणारा नाही. वरही जात नाही. खाली खाली उतरत पार मंद्रात जातो. असं मी कधी ऐकलं नव्हतं. अस्सल घराण्याची गोष्ट अशीच असते, सहज कुणाला सुचायची नाही.

बरोबर अर्ध्या तासात संपलं. बापाची सवय, अंतऱ्याआधी पाणी मागायची. रक्तात असतं.

निघताना तिने पिठाची पिशवी दिली, मीनाचाचीला म्हणून. "आता येत राहा," म्हणाली. पुढच्या महिन्यात जाईन म्हणतो.

१८ एप्रिल

अंतरा टाकला. गाणारीचं नाव दिलं नाही, तिलाच नको असणार. 'गुरुगृहातून प्राप्त' एवढंच लिहिलं. आजवर असा प्रतिसाद नाही. मोनाली लिहिते, या मंद्राच्या वळणाने सामंत सारंगाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. तिने आधीचं प्रकरण फाडून नवीन लिहायला घेतलंय. न्यू जर्सीवाल्यांनी माझी माफी मागितली. धम्मपालने पुन्हा विचारलं, गाणाऱ्या बाईंना विचारलंत का? त्याला ग्रुपमधून काढण्यात आलं.

मीनाने त्या पिठाच्या भाकरी केल्या. चांगल्या झाल्या होत्या.

२८ एप्रिल

आज दुपारी पुण्याहून परतलो.

सभागृह भरलेलं होतं. मोनालीने जांभळी साडी नेसली होती, आवाज छान, तयारी भरपूर. अस्ताई झाल्यावर ती थांबली, मागे तंबोऱ्यावर बसलेल्या मुलीकडे वळली आणि माईकमध्ये म्हणाली, "जरा पानी देना." लोकांनी ओळखलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. निवेदिकेने सांगितलं की खाँसाहेबांचा हा ठहराव आता या बंदिशीचाच भाग झाला आहे. पहिल्या रांगेतले सगळे वळून माझ्याकडे पाहत होते. मोनालीने बाटलीतून दोन घोट घेतले, ओठ टिपले आणि मंद्रात उतरली. लोक माना डोलावत होते.

मग शाल. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणालो, खाँसाहेबांनी माझ्यावर विश्वास टाकला, मी तो तुमच्यापर्यंत पोचवला. पुन्हा टाळ्या.

घरी आलो तर शाल पाहून मीना म्हणाली, "झालं ना मनासारखं? मंग तोंड असं का करून राह्यले?"

"ऊन लागलं," मी म्हटलं.

गिरणीत लाइट गेली तेव्हाचा तो वरचा षड्ज एसटीत सबंध रस्ताभर कानात होता. त्याच्या मागे-पुढे काय होतं ते आठवत नाही. महजबीनला दोनदा फोन लावला, तिने उचलला नाही. दळणाची गर्दी असेल.

१६ तारखेची एक गोष्ट लिहायची राहिली होती. निघताना पिशवी उचलायला वाकलो तेव्हा पेला चटईशेजारी तिथेच होता. काठोकाठ भरलेला, वर पिठाचे चार कण तरंगत असलेला.

त्या दिवशी जाफराबादला बेचाळीस अंश होते. असल्या उन्हात कोणीही पाणी मागेल. प्यायचं तेवढं राहून गेलं असेल.